माळवदाचं घर, पत्र्यावर दगड आणि अधूनमधून हादरे: घरात नेमकी काय तयारी करावी?

हळदीचं_वावर (कळमनुरी तालुका, जि. हिंगोली)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, पण घर कसं आहे ते सांगितल्याशिवाय कुणी कामाचं सांगू शकणार नाही.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर ४.५ चा झटका आला आणि दहा-बारा मिनिटांत मागून दुसरा. मग १० जुलैला सव्वासाताच्या सुमारास परत ४.५. दोन्ही वेळेला सगळं गाव रस्त्यावर. वसमतकडच्या पांगरा शिंदेला माझी मावशी दिलेली आहे. ती म्हणते, आमच्याकडं वर्षानुवर्षं जमिनीतून गुडगुड येते, मांडणीवरची भांडी वाजतात, आम्ही कूस बदलून झोपतो. मला ते जमत नाही.

घर असं आहे. पुढं ढाळज, म्हणजे मोठ्या दरवाजाची देवडी, मधे अंगण, मागं माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेल्या, दोन खोल्या. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेल्या. भिंती दगड-मातीच्या, चांगल्या अडीच-तीन फूट रुंद. अंगणाच्या एका बाजूला विटांच्या दोन खोल्या, वर पत्रे, पत्र्यावर दगड. आमचे हे चाकणला कंपनीत. घरी मी, सासूबाई, दोन लेकरं, बैलजोडी आणि एक म्हैस. सासूबाई माळवदाखालीच झोपतात. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, त्यांचं काही चूक नाही. त्याच खोलीत हळदीची पोती थप्पी लावून ठेवलीत, मोंढ्यात भाव येईपर्यंत. थप्पी बरोबर त्यांच्या बाजेच्या उशाला.

मार्चच्या झटक्यानंतर प्रशासनानं सांगितलं, पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. काढले. मे महिन्यात वादळ आलं आणि दोन पत्रे शेजारच्यांच्या गोठ्यावर. दगड पुन्हा वर गेले. म्हणजे भूकंपाचं ऐकावं तर वारा मारतो आणि वाऱ्याचं ऐकावं तर भूकंप.

मोबाइलवर बघितलं तर सगळे सांगतात टेबलाखाली बसा. आमच्या घरात टेबल नाही. नवं घर बांधायला आत्ता पैसा नाही. तर आहे त्या घरात, हाताशी आहे तेवढ्या पैशात, आधी काय करावं? आणि रात्री झोपायचं कुठं?

शिस्तप्रिय_पुणेकर

ताई, सर्वप्रथम घाबरू नका. एक आपत्कालीन बॅग तयार ठेवा: टॉर्च, पॉवर बँक, पाणी, बिस्किटं, औषधं, कागदपत्रांच्या प्रती, शिट्टी. हादरा आल्यावर खाली बसा, डोकं झाका, घट्ट धरून ठेवा. धावू नका. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं 'भूकंप' (BhooKamp) ॲप घ्या, त्यावर केंद्र आणि तीव्रता लगेच कळते.

ओळंबा (औसा तालुका, जि. लातूर)

ताई, मी गवंडी. बाप गवंडी, आजा गवंडी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकताच हाताखालचा माणूस सोडून स्वतः भिंत धरायला लागलो होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून आडवे झालेले. पुढं जी घरं पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, ती मजबूत करायचा सरकारी कार्यक्रम निघाला. त्यात मी बरीच वर्षं काम केलं. माळवद बांधलंय त्यापेक्षा जास्त उतरवलंय म्हणा.

वरच्या दादांची बॅग भरून ठेवा, वाईट काही नाही. पण बॅग कामाला येते ती तुम्ही बाहेर निघाल्यावर. आणि खाली बसून डोकं झाकायचं ते चांगल्या बांधलेल्या स्लॅबच्या घरात, शाळेत, हापिसात. माळवदाखाली ते चालत नाही. माळवद बसलं की दगडाआधी माती येते, आणि ती नाकातोंडात अशी भरते की अंगावर जखम नसलेला माणूसही जातो. आम्ही उकरून काढलेत तसे.

आता तुमच्या घराचं. तीन फुटांची भिंत बघून सगळ्यांना धीर येतो. एकदा फोडून बघा. बाहेरून एक तोंड रचलेलं, आतून एक तोंड रचलेलं, आणि मधे गोटे-माती कोंबलेली. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड शोधून सापडत नाही. त्यामुळं ती एक भिंत नसतेच, दोन सुट्ट्या भिंती शेजारी शेजारी उभ्या असतात. हादऱ्यात बाहेरचं तोंड गल्लीत आणि आतलं तोंड अंथरुणावर. किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत हेच झालं.

पण सगळीच माळवदं पडली नव्हती, हे कुणी सांगत नाही. ज्या घरात पूर्ण खण होते, म्हणजे तुळया लाकडी खांबांवर होत्या, भिंतीवर नव्हत्या, तिथं मी डोळ्यानं बघितलंय: चारी भिंती ढासळलेल्या आणि माळवद खांबांवर तसंच उभं. खाली झोपलेली माणसं वाचलेली. म्हणून पहिलं काम हे. दिवसा आत जा, वर बघा, प्रत्येक तुळईचं टोक कशावर टेकलंय ते बघा. खांबावर का भिंतीत घुसलंय? भिंतीत घुसलेलं असंल तर टोकाला खिळा नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. बोटभर आत गेला तर वाळवीनं किंवा ओलीनं काम केलंय.

दुसरं, भिंतीला पोट सुटलंय का बघा. गवंड्याची वाट बघू नका, दोरीला नटबोल्ट बांधा, दोरीचं वरचं टोक भिंतीच्या माथ्याला बोटभर अंतर सोडून धरा. खाली, मधे, वर, तिन्ही ठिकाणी दोरी आणि भिंत यातलं अंतर मोजा. मधे दोरी भिंतीला चिकटली आणि वर-खाली लांब राहिली, तर तोंड सुटायला लागलंय. ती भिंत पहिली जाणार. तिच्या कडंला, आतून काय आणि बाहेरून काय, माणूस झोपवायचा नाही, जनावर बांधायचं नाही.

तिसरं, डोक्यावरचं वजन. माळवद गळायला लागलं की दरसाल मृगाच्या आधी आपण काय करतो? पांढऱ्या मातीचा अजून एक थर. जुना कुणी काढत नाही. पिढ्यान् पिढ्या असं चालल्यावर दोन-दोन फूट माती झालेली मी बघितलीय. हिशेब करा: १० बाय १० ची खोली, नुसती एक फूट माती धरली तरी १०० घनफूट. कोरडी धरून चार टनांच्या पुढं. म्हणजे तुमची ५० किलोची हळदीची ८० पोती सासूबाईंच्या डोक्यावर, आणि पावसात भिजली की अजून वाढतं. ही माती आठ इंचांवर आणा. पैसा फार लागत नाही, अंगमेहनत लागते. फक्त आधी प्रत्येक तुळईखाली मधोमध टेकू द्या. आणि एका कोपऱ्यातून खणत जायचं नाही. सगळ्या माळवदावरून थराथरानं सारखं उतरवत यायचं, नाहीतर एक बाजू हलकी नि दुसरी जड होऊन भिंतीला कलंडवते. उतरवलेली माती भिंतीच्या बुडाला ढीग घालू नका, पाणी मुरतं. खाली प्लास्टिकचा जाड कागद, वर चोपलेली माती, उतार पन्हाळीकडं. गळायचं पण थांबतं.

झोपायचं म्हणाल तर आजपासून सासूबाईंची बाज ढाळजेत किंवा विटांच्या खोलीत. त्या खोलीवरचे दगड उतरवल्यावर, आधी नाही. आणि हळदीची थप्पी आज संध्याकाळी हलवा. त्याला ना गवंडी लागतो ना पैसा.

विचारवंत_नांदेड

व्हॉट्सॲपवर फिरतंय की येत्या अमावास्येला मराठवाड्यात ७ चा येणार आहे. कुणी खात्री केली का?

ओळंबा

भूकंपाचा दिवस-वार जगात कुणाला सांगता येत नाही. जो सांगतो त्याला विचारा, मागचा कितीला आला होता ते आधी सांगितलं होतंस का.

पण उलट बाजूही ऐका. किल्लारीला १९९२ मध्ये, आदल्या वर्षी, असेच लहान हादरे येत होते. ऑक्टोबरात चांगले जाणवले. लोक घाबरले, बाहेर झोपले, मग थंडी पडली, मग सवय झाली. दुसरीकडं नांदेड शहराखाली २००६ पासून पुढं किती वर्षं बारीक हादरे येत राहिले, मोठा काही आला नाही. म्हणजे लहान हादऱ्यांवरून मोठ्याचा अंदाज बांधता येत नाही, ना येणार म्हणून ना नाही म्हणून. फक्त ४.५ ला घर टिकलं म्हणजे घर पास झालं असं समजू नका. किल्लारीचा ६.२ च्या आसपास होता. हा आकडा दोघांत दीडपटीसुद्धा नाही, पण आमच्या साइटवरचे इंजिनियर साहेब सांगायचे, एक अंक वाढला की आतली ताकद ३२ पट होते. तो हिशेब लावला तर किल्लारीत तुमच्या झटक्याच्या साडेतीनशे पट ताकद होती.

फॅब्रिकेशन_वसमत

पत्र्याचं मी सांगतो, रोजचं काम आहे.

ताई, तुमची अडचण सगळ्या जिल्ह्याची आहे. पत्र्यावरचा दगड हादऱ्यात घरंगळतो आणि वळचणीला पडतो, म्हणजे बरोबर दारासमोर, जिथं माणूस धावत बाहेर येतो. पण दगड काढून नुसतं बसायचं नसतं. दगडाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यायला लागतं.

खाली लोखंडी पाईप असेल तर सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारा, रबरी वायसरसकट. लाकडी वासे असतील तर जे-हुक. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, नाळीत नाही. नाळीतून पाणी वाहतं, तिथून गळणारच. मधे एकाआड एक उंचवटा चालतो, पण कडेच्या ओळीला आणि कोपऱ्यांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू पाहिजे, कारण वारा पत्र्याला कडेनंच उचलतो. पुढं आलेला पत्रा दीड फुटाच्या वर ठेवू नका.

आता लोक कुठं फसतात ते. पत्रा पाईपला घट्ट बसवतात, पण पाईप भिंतीवर नुसताच ठेवलेला, फार तर दोन विटांत दाबलेला. मग वादळात एक-दोन पत्रे जाण्याऐवजी अख्खं छप्पर पाईपासकट उडतं. पाईप भिंतीला बांधायलाच पाहिजे. वरच्या तीन-चार थरांतल्या विटा काढून तिथं काँक्रीट भरा, त्यात १० एमएमची सळई वाकवून रोवा आणि तिचं वरचं टोक पाईपला वेल्ड करा किंवा पाईपवरून वळवा. दोन खोल्यांना एका दिवसाचं काम.

तोपर्यंत आजच्या आज काही करायचं असेल तर दगडांऐवजी वाळूची पोती ठेवा, दोन-दोन एकमेकांना दोरीनं बांधून, एक या पाखीला एक त्या पाखीला. वजन राहतं, घरंगळत नाही. सिमेंटची रिकामी पोती उन्हात दोन-तीन महिन्यांत फाटतात, तेव्हा हे कायमचं समजू नका.

हळदीचं_वावर

सगळ्यांचे आभार. ओळंबा काका, सांगितल्याप्रमाणं बघितलं.

हळदीची पोती त्याच दिवशी ढाळजेच्या कोपऱ्यात घेतली, जमिनीवर फळ्या टाकून. चार पोत्यांच्या वर थर नाही.

माळवदात आतल्या खोलीला चारी बाजूंनी खांब आहेत, तुळया त्यावरच. बाहेरच्या खोलीत मात्र एका बाजूला खांब आणि पश्चिमेच्या बाजूला तुळयांची टोकं सरळ भिंतीत. तीच भिंत दोरीला मधे चिकटली, वर दोन बोटं अंतर, खाली तीन. माती मोजली, साण्याच्या, म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवलेल्या भोकाच्या, कडेला सव्वा फूट भरली. एका टोकाला स्क्रू-ड्रायव्हर अर्धा बोट गेला.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, माझी सासू इथंच गेली, मी पण इथंच जाईन. आता यावर काय बोलावं. आमच्या यांनी फोनवर समजावलं, रडल्या, पण बाज हलवू दिली नाही. शेवटी बाज आतल्या, खांबाच्या खोलीत नेली, त्याला मात्र हो म्हणाल्या. हे चालेल का? आणि ती पश्चिमेची भिंत पाडून नवी बांधावी का? गावातला मिस्त्री म्हणतो सगळं पाडा, घरकुलात नाव घाला, स्लॅब टाका, कटकट नको.

ओळंबा

आतली खोली चालेल. बाहेरच्यापेक्षा पुष्कळ बरी. म्हाताऱ्या माणसाशी भांडून घर मजबूत होत नाही. त्या खोलीत दोन कामं करा. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं दोन्ही बाजूंनी तिरके टेके मारा, लाकडी नाहीतर अँगलचे. खांब सरळ उभा असतो तोवर वजन पेलतो, हादऱ्यात तो आडवा झुलायला लागतो, ते झुलणं या तिरक्या टेक्यानं थांबतं. आणि खांबाचं बूड दगडावर नुसतं टेकलेलं असतंय, ते सरकू नये म्हणून भोवती काँक्रीटची बैठक करा.

पश्चिमेची भिंत लगेच पाडू नका, तुळयांची टोकं तिच्यावर आहेत. आधी त्या बाजूनं, भिंतीपासून फूटभर आत, नवे खांब उभे करून तुळया त्यावर घ्या. लोखंडी पाईप चालंल. एकदा छप्पर खांबांवर आलं की भिंत पडली तरी माळवद येत नाही. वाळवी लागलेल्या टोकाचं भय पण तिथंच संपतं. मग पोट सुटलेला तेवढा भाग उतरवून परत रचायचा, आरपार दगड घालून.

बाकीच्या भिंतींना आम्ही करायचो ते आकड्यांचं काम, म्हणजे भिंतीची दोन्ही तोंडं धरून ठेवणारे सळई-काँक्रीटचे आकडे. हे तुमच्या मिस्त्रीला वाचून दाखवा. भिंतीतला एक दगड कडेनं माती खरवडून हलकेच काढायचा. घण मारायचा नाही, सब्बलीनं उचकायचा पण नाही, हादऱ्यानं शेजारचे चार सुटतात. मग हातभर सळईनं मधली भरती उकरत पलीकडच्या तोंडापर्यंत भोक न्यायचं आणि पलीकडचा पण एक दगड काढायचा. भोक दोन्ही तोंडांना रुंद आणि मधे निमुळतं, डमरूसारखं. त्यात अर्धं काँक्रीट भरायचं, ८ एमएमची सळई दोन्ही टोकांना वाकवून ठेवायची, वरून बाकीचं भरायचं. पाण्यानं आठ-दहा दिवस ओलं ठेवायचं. असा एक आकडा साधारण तीन-साडेतीन फुटांवर आडवा आणि दोन फुटांवर उभा, वरचा खालच्याच्या अगदी डोक्यावर नको, मधोमध. हे केलं की दोन तोंडं एकमेकांना धरतात. दिसायला काहीच दिसत नाही, म्हणून लोकांना यात पैसा घालावासा वाटत नाही. त्याच पैशात पुढच्या भिंतीला रंग देतात.

कोपरे पण बघा. दोन भिंती मिळतात तिथं उभी चीर असंल तर तिथं दोन्ही बाजूंनी हातभर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करायचा, आतून आणि बाहेरून.

आता स्लॅबचं. किल्लारीनंतर आमच्याकडं दगडाची एवढी धास्ती बसली की दगड म्हटलं की लोक उठून जायचे. तो दगडाचा दोष नव्हता. आणि घरकुलाच्या पैशात चार इंची विटांच्या भिंती, कॉलम नाही, पट्टा नाही आणि वर स्लॅब, असं जे चाललंय गावोगाव, ते मला तुमच्या खांबाच्या माळवदापेक्षा जास्त भ्या घालतं. घरकुल मिळालं तर जरूर घ्या. पण जोत्याला एक, खिडकी-दाराच्या माथ्याला एक, असे दोन काँक्रीटचे पट्टे घराला चारी बाजूंनी सलग फिरवून घ्या. कोपऱ्यात सळई तोडून ठेवायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. कॉलम घेतला तर रिंगांची टोकं आत वळवलेली आहेत का हे काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः बघा. मिस्त्रीला राग आला तर येऊ द्या.

गंजाड_डहाणू

इकडं पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून हेच भोगलंय. ऐन थंडीत तंबूत झोपलो. एक गोष्ट सांगतो: आमच्या जुन्या कुडाच्या घरांना, कारवीच्या भिंती, वरून शेण-माती, काही होत नव्हतं, हलली आणि थांबली. भेगा पडल्या त्या नव्या, अर्धवट बांधलेल्या विटांच्या घरांना. फेब्रुवारी २०१९ मध्ये धावपळीत एक लहान मूल पडून गेलं, ते भिंतीखाली नव्हतं. म्हणून पळायची वाट आधी मोकळी करा. आमच्याकडं दारात सरपणाची मोळी, सायकल, पाण्याचा ड्रम असं सगळं असायचं.

ओळंबा

बरोबर बोललात. ताई, ढाळजेचा मोठा दरवाजा रात्री अडसर लावून बंद करता का? करत असाल तर तो अडसर लहान लेकराला अंधारात काढता येतो का ते एकदा बघा. भिंत हलली की चौकट आवळते आणि जड दार अडतं. जुनं माणूस सांगतं चौकटीत उभं राहा, ते ऐकू नका, दगडाच्या भिंतीतली चौकट सुट्टी असते. आणि बाहेर निघून बोळात थांबायचं नाही. अंगण मोठं असंल तर अंगणाच्या मधोमध, नाहीतर थेट मोकळ्या जागेत.

झेडपीचे_मास्तर (सेनगाव)

मी शाळेत लेकरांची कवायत घेतो, त्यावरून दोन-तीन गोष्टी.

बाहेर झोपणार असाल तर जमिनीवर अंथरूण टाकू नका. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्या दंशाला फार दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून लोक परत झोपतात आणि पहाटे उशीर झालेला असतो. बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. आणि माळवदाच्या भिंती हलल्या की त्यातले विंचू बाहेर येतात, सकाळी लेकरांच्या चपला झटकून द्या.

पावसाळ्यात आकाश गडगडत असेल तर मोकळ्यातून आत या, अंगणातल्या लिंबाखाली थांबू नका. आपल्याकडं वीज पडून दरसाल शेतातली माणसं जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. फोन नसेल तरी कान असतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचू शकते.

बैल आणि म्हैस पोट सुटलेल्या भिंतीला बांधत असाल तर आजच हलवा. साखळीऐवजी दावं, आणि एका हिसक्यात सुटेल अशी गाठ.

कागदांचं. घराचा नमुना ८, सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, सगळ्यांचे फोटो काढून चाकणला तुमच्या मालकांच्या फोनवर पाठवून ठेवा. घराचे पण फोटो काढा, चारी बाजूंनी आणि आतून, आत्ता काही झालेलं नसताना. पडझड झाली की पंचनाम्यात 'ही भेग जुनीच होती' असं तोंडावर सांगतात, तेव्हा हा फोटो बोलतो. मदतीची आशा किती ठेवावी तेही सांगतो. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या दरांप्रमाणं मैदानी भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडझड, तर पक्क्या घराला साडेसहा हजार आणि कच्च्याला ४ हजार. गोठ्याला ३ हजार. दुभतं मोठं जनावर गेलं तर ३७ हजार ५००, बैलाला ३२ हजार. राज्य सरकार कधी वाढवून देतं, पण त्यावर घर उभं राहत नाही.

जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिका १०८, बाकी सगळ्याला ११२. भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. फोनमध्ये असलेला नंबर फोन ढिगाऱ्यात गेल्यावर उपयोगाचा नाही.

शिस्तप्रिय_पुणेकर

माझ्या यादीत शिट्टी होती, तिच्यावर कुणीच बोललं नाही.

ओळंबा

शिट्टी चांगलीय दादा. खरंच चांगलीय. ढिगाऱ्याखालून ओरडून ओरडून माणसाचा घसा बसतो आणि मातीत आवाज वर येत नाही. ताई, सासूबाईंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात बांधून द्या. त्यांना सांगा, म्हैस हुसकायला आहे.

हळदीचं_वावर

हसल्या बघा त्या, वाचून दाखवल्यावर.

ठरलं ते असं: पत्र्याचं काम वसमतच्या दादांनी सांगितलं तसं या आठवड्यात करून घेतेय, तोवर वाळूची पोती चढवली. माळवदाची माती उतरवायला हे चार दिवस सुट्टी काढून येतायत, चुलतदीर दोघं आहेत. पाईपचे खांब त्याच वेळी. आकड्यांचं काम दिवाळीनंतर, हळदीचे पैसे आले की.

एक राहिलं. पश्चिमेच्या भिंतीत, आतून, जुनं बळद आहे. माणूस उभा मावेल एवढं. सध्या त्यात ज्वारी आहे. खांब आत घेतल्यावर ते तसंच ठेवलं तर चालेल का, की बुजवायचं?

ओळंबा

बुजवा. बळद म्हणजे भिंतीचं पोट आधीच पोकळ केलेलं. पुढचं तोंड तिथं एकेरी असणार, म्हणूनच ते फुगलंय बहुतेक. ज्वारी काढा, कणगीत भरा, बळदाच्या तळाला ओल आहे का हात घालून बघा. ओल असंल तर बाहेरून त्याच जागी पन्हाळीचं पाणी पडत असंल, आधी ती पन्हाळ लांबवा. टेकू लावल्याशिवाय मात्र आत हात घालू नका. फोटो टाका, आतून एक नि बाहेरून एक, शेजारी पट्टी नाहीतर वीट उभी करून, म्हणजे मला माप कळंल.